मुलाखतीत सांगितलेलं

घाटंजीत आमच्या गल्लीत कचेरीतून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क राहत. सगळे त्यांना बाबू म्हणत. कोणाची मुलाखत असली की तो आधी बाबूंकडे जाऊन यायचा. कापसाच्या त्या पडत्या वर्षांत मुलाखती थोड्या आणि जाणारे फार, म्हणून त्यांच्याकडे कोणी ना कोणी बसलेलं असे.

मी बी.ए. होऊन घरीच होते. यवतमाळच्या एका संस्थेला फवारणीच्या औषधांपासून जपायचं कसं, हे गावोगाव जाऊन मजुरांना सांगणारी बाई हवी होती. जागा एकच. मी अर्ज केला, शेजारच्या वहिनीनेही केला. ती बारावी झालेली. आदल्या हंगामात तिचा नवरा दुसऱ्याच्या पराटीवर, म्हणजे कपाशीवर, फवारा मारून घरी आला, डोळ्यांना दिसत नाही म्हणाला आणि चौथ्या दिवशी दवाखान्यात वारला.

आठवडाभर रोज संध्याकाळी आम्ही दोघी बाबूंकडे जात होतो. ते टेबलामागे साहेब होऊन बसत, आम्ही दारातून आत यायचं. ‘बसा’ म्हटल्याशिवाय बसायचं नाही. खुर्चीचा आवाज करायचा नाही. पदराशी चाळा नाही. वहिनी आत येतायेताच खाली बघायची.

“माह्याकडं पाह्य,” बाबू म्हणायचे. “साहेब का जमिनीवर बसले हायेत?”

एक दिवस त्यांनी तिला विचारलं, “ही नोकरी काहून पाहिजे तुम्हाले?”

ती नवऱ्याचं सांगू लागली आणि अर्ध्यातच तिचा आवाज गेला. बाबूंनी चष्मा काढून पुसला.

“हे तिथं सांगजो नको, पोरी. रडणाऱ्या बाईले कामावर कोण ठेवते? त्याहिले वाटीन, ही गावात जाऊन बी रडीन.”

“मंग काय सांगू?”

“समाजसेवेची आवड हाय म्हण.”

तिने ते वाक्य पाठ केलं. धुणं धुताना ती ते पुटपुटायची, मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं.

मुलाखतीला आम्ही एकाच बसने गेलो. तिला आधी बोलावलं. पाच मिनिटांत ती बाहेर आली.

“काय विचारलं?”

“काहून पाहिजे म्हणे. मी पाठ केलेलं सांगतलं. मंग ठीक आहे म्हणे.”

आत तिघं बसली होती. माझी साधीसुधी उत्तरं झाली. मग मधल्या मॅडमनी विचारलं, “या औषधाची विषबाधा तुम्ही जवळून पाहिली आहे?”

मी हो म्हटलं आणि सांगितलं. त्याचा भिजलेला शर्ट. वहिनीने अंगणात त्याच्या अंगावर ओतलेलं पाणी. दिसत नसतानाही तो हाताने चपला शोधत होता, दवाखान्यात अनवाणी कसं जायचं म्हणून. मी ताठ बसले होते. आवाज एकदाही हलला नाही. मॅडमनी पेन खाली ठेवला. ती बाई आत्ताच या खुर्चीवरून उठून गेली, हे मी सांगितलं नाही.

परत येताना स्टँडवर आम्ही भजी खाल्ली. वाईट वाटायला हवं होतं, हे मला कळत होतं. भजी गरम होती, एवढंच जाणवलं.

पत्र मला आलं. दोन दिवसांनी मी तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती.

“बरं झालं,” ती म्हणाली. “तुले काय विचारलं होतं?”

“तुमच्या घरचं सांगितलं मी, वहिनी.”

तिचा हात थांबला. तिने विचारलं, “सांगताना रडली का तू?”

“नाही.”

“मंग बरोबर हाय. मी रडली असती.”

तिने सूप पुढे ओढलं आणि पुन्हा खडे वेचू लागली. मी थोडा वेळ बसले. चहा कर म्हणाली, मी केला.

पुढे तिला एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं. तिथे मुलाखत नव्हती. मी त्या संस्थेत सहा वर्षं काढली. प्रत्येक गावात पहिल्यांदा तेच सांगायचे, कोणाचं ते न सांगता. बाया ऐकायच्या, काही डोळे पुसायच्या. सुरुवातीला मला वाटायचं, एखाद्या गावात सांगता सांगता माझाही आवाज जाईल. पुढे पुढे तसं वाटणंही थांबलं. सांगून झालं की मी रजिस्टरवर सह्या घ्यायचे आणि बसची वेळ विचारायचे.