बर्फातली अवरेकाई

माझं ऑपरेशन आणि केमोथेरपी झाली त्या काळात आमच्या घरी स्वयंपाक असा फारसा झालाच नाही. डबे यायचे. ऑफिसातल्या मैत्रिणींकडून यायचे, आणि चामराजपुरममधल्या आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर शिवणकाम करणाऱ्या मावशींकडूनही. मावशींचं घराणं कित्येक पिढ्या म्हैसूरचं; मराठी बोलताना मध्येच कन्नड येतं. आम्ही पुण्याहून आलेलो. मला तेव्हा अन्नाचा वाससुद्धा सोसायचा नाही. नवरा एकटा किती खाणार? उरलेलं तो मुकाट्याने फ्रीजरमध्ये ठेवायचा.

यंदा नोव्हेंबरात रिपोर्ट चांगले आले आणि मी तो फ्रीजर रिकामा करायला बसले. एकाही डब्यावर तारीख नव्हती. सांबार, पुरण, चिकनचा रस्सा. टाकवेना.

तेवढ्यात मावशी ब्लाउज द्यायला वर आल्या. सांबाराचा डबा त्यांनी उलटसुलट करून पाहिला. सांबार कडेने ओघळून झाकणाबाहेर गोठलं होतं.

"अय्यो, हे वितळून परत गोठलंय. तुझ्या ऑपरेशनच्या वेळी दोन दिवस करंट नव्हता ना, अल्वा? तेव्हाचं असणार."

"पण मावशी, लोकांनी माझ्यासाठी केलेलं टाकू कसं?"

"तू बरी व्हावीस म्हणून केलं ना? हे खाऊन परत आजारी पडलीस तर त्यांना बरं वाटेल? सुम्ने, उगाच जीवाला लावून घेऊ नको."

बाकीच्या डब्यांचंही तसंच झालं होतं. आम्ही दोघींनी ते सगळे बादलीत रिकामे केले. माझे डोळे भरून आले. मावशी डबे विसळत राहिल्या.

तळाशी एक पिशवी निघाली, सोललेल्या अवरेकाईची. अवरेकाई म्हणजे आपल्या पावट्याची बहीण. दाणे सुटे, खुळखुळत होते.

"ही मी संक्रांतीला दिलेली," मावशी म्हणाल्या. "करंट गेला त्याच्या कितीतरी नंतर."

तरी मी डॉक्टरांना फोन केला. त्या म्हणाल्या, मधे वितळलेली नसेल तर नीट शिजवून खा, चव थोडी उतरली असेल इतकंच.

संध्याकाळी मावशींनीच आमच्या ओट्याशी उभं राहून तिचं सारू, म्हणजे पातळ आमटी केली आणि नाचणीच्या उकडीचे गोळे, त्यांच्या भाषेत मुद्दे, वळले. जेवताना नवरा म्हणाला, "तुला माहीत नाही. शिवायचं काम बाजूला ठेवून मावशी तीन दिवस हे दाणे सोलत होत्या."

मला खरंच माहीत नव्हतं. त्या संक्रांतीचं मला काहीच आठवत नाही.

"मी तेव्हा एक घासही घेतला नाही," मी म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटलं असेल."

"वाईट कशाला? मी म्हटलं, आज नाही तर उद्या खाईल."

दाणे जरा मऊ पडले होते. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं, मग तिसऱ्यांदा. नवरा स्वतःचं जेवण थांबवून माझ्याकडे बघत बसला होता. शेवटी मावशीच त्याला ओरडल्या, "तूही जेव की रे!"