तांबी बसवायची होती, तेव्हा

लातूर जिल्हा नवा झाला होता आणि आमच्या गावात लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. विहिरी आटलेल्या, पाणी टँकरचं. माझी पहिली मुलगी नुकती मान धरू लागली होती. अहमदपूरला तिच्या वेळी माझं इतकं रक्त गेलं होतं की डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "दुसरं हवं असेल तर आधी अंगात रक्त भरू दे. दोन-तीन वर्षं थांब."

थांबायचं कसं, ते विचारायचं मात्र राहूनच गेलं.

मग गावातली सिस्टर घरी येऊ लागली. तांबी बसवता येते, नको झालं की काढता येते, असं तिनंच सांगितलं. पण बोलता बोलता ती ऑपरेशनवर यायची. "एकदाच करून टाक, कटकट मिटंल." सिस्टरला महिन्याला अमुक इतक्या बाया ऑपरेशनला न्याव्याच लागतात, असं गावात सगळे म्हणत. माझ्या मनात पाल चुकचुकली. तांबी म्हणून आत नेलं आणि नळ्याच बांधल्या तर? मला कळणार कसं?

एकदा आमचे हे तिच्याशी शाळेच्या फाटकाजवळ हसून बोलताना दिसले. ते शिक्षक. ऑपरेशनला माणसं आणा म्हणून त्यांच्या मागेही वरिष्ठ लागलेले असायचे. जेवायला बसले तेव्हा मी विचारलं, "तिला ऑपरेशनचं हो म्हणालात का?"

त्यांचा घास हातातच राहिला. "तिनं विचारलं होतं. मी म्हटलं, बायकोला विचारा."

ते खरं बोलत होते. तरी पुढचे काही दिवस मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले.

सासूबाईंना तर तांबीचं नावच सहन होत नव्हतं. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मला वाटायचं, नातू हवा म्हणून त्या आडव्या येतात. एका दुपारी टँकरची वाट बघत आम्ही घागरींपाशी बसलो होतो. त्या आपणहून बोलल्या.

"आणीबाणीत तुझ्या सासऱ्याला उदगीरच्या बाजारातून जीपमध्ये घालून नेलं व्हतं. तपासायचंय म्हणले. तवा आमचा धाकटा तापानं गेल्याला, एकच लेकरू राह्यलं व्हतं. मला अजून एक पायजे व्हतं. हे माघारी आले ते खाली मान घालून. काय केलं, ते लई दिवस बोललेच न्हाईत."

सासरे ओसरीत कोणाच्या अध्यात ना मध्यात, असे बसून असायचे, ते आठवलं.

"मग मी काय करू, आत्याबाई? लगेच दिवस गेले तर मी वाचणार नाही म्हणतात."

त्या घागर जवळ ओढत म्हणाल्या, "सिस्टरसंगं जाऊ नगंस. लातूरला जाऊ. मी येते."

लातूरच्या दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. मी आधीच सांगितलं, "मला भूल द्यायची नाही. जे करायचं ते जागेपणी करा. आणि ह्या माझ्याजवळ थांबतील."

"भूल लागतच नाही," त्या म्हणाल्या. आत्याबाईंकडे बघून म्हणाल्या, "थांबा, पण मध्ये बोलू नका."

आत्याबाई बोलल्याच. "हिला कापणार तर न्हाई ना?" असं विचारतच राहिल्या. दुखलं, पण सोसण्यासारखं. पाळी मात्र पुढे जास्त जायला लागली. दर वेळी पोटात कळ आली की मला वाटायचं, फसवलं आपल्याला. दोनदा जाऊन तपासून घेतलं. तांबी जागेवर होती.

मुलगी बालवाडीत जाऊ लागली, तोवर आम्ही बदलीनं नांदेडला आलो होतो. तिथं तांबी काढली. पुढचे काही महिने दिवस राहिले नाहीत. नांदेडच्या डॉक्टर म्हणाल्या, थोडा वेळ लागू शकतो. मी मान हलवली, पण विश्वास बसला नाही. लातूरला त्या पडद्याआड नक्की काय झालं, ते आठवून पुन्हा पुन्हा तपासायची. आत्याबाई तर तिथंच उभ्या होत्या, तरीसुद्धा.

मग दिवस राहिले. या खेपेला बाळंतपण सुखरूप झालं, मुलगा झाला. आत्याबाई गावाहून आल्या होत्या. वॉर्डात त्या माझ्या खाटेला टेकून बसल्या आणि सुई घेऊन येणाऱ्या प्रत्येक सिस्टरला अडवून विचारत राहिल्या, "हे कशाचं हाय?" सिस्टर वैतागायच्या. मी काही त्यांना आवरलं नाही.