चियारकोयोची लोकसंख्या

चियारकोयो गावच्या बंद पडलेल्या शाळेच्या भिंतीवर लाडिस्लाओ काब्रेरा प्रांताची माहिती रंगवलेली आहे. मुख्य ठिकाण सालिनास, उंची सदतीसशे मीटर, पीक किनवा, जनावर लामा. लोकसंख्येचा आकडा दर जनगणनेनंतर पुसून नव्याने लिहितात. त्यात चियारकोयोत बारमाही राहणारं माणूस एकच, सातुर्निना. आणि नेमकी तीच मागच्या खेपेला मोजायची राहिली होती. लामांमागे गेली होती.

या खेपेला जागचं हलायचं नाही, असं तिनं ठरवलंच होतं. धुतलेला घेरदार झगा, नवी शाल, डोक्यावर गोल टोपी अशी ती सकाळपासून दारात बसली.

आदल्या दिवशी एल आल्तो शहरातून बसा भरभरून गाव 'परतलं' होतं. जो गावात येऊन मोजला जाणार नाही त्याची जमीन जाईल, असं पंचांनी बजावल्यापासून सगळ्यांना मातृभूमीच्या प्रेमाचे उमाळे येत होते. सातुर्निनाकडे भाचा विल्फ्रेदो सहा माणसांनिशी उतरला होता. "मावशी, या थंडीत राहतेस तरी कशी गं?" असं विचारत त्यानं तिच्या वाळवलेल्या बटाट्यांचं पोतं खात खात तळाला आणलं.

जनगणनेच्या दिवशी घराबाहेर पडायला बंदी असते. हे लामांना कोणी सांगितलं नव्हतं. गावच्या मातीशी आपलं नातं किती घट्ट, याचा फोटो काढायला विल्फ्रेदोनं लामांच्या वाडग्याचं फाटक उघडलं आणि चाळीसच्या चाळीस लामा मिठागराकडे उधळले.

"आता जा, धर त्यांना!" सातुर्निना कडाडली.

"मी? मला ओळखतात होय ते? तूच जा, मी आहे ना इथं."

दुपारी ती जनावरं हाकत परतली तेव्हा दारावर 'मोजणी झाली'ची चिठ्ठी डकवलेली होती.

"माझं नाव सांगितलंस ना?"

विल्फ्रेदोनं जीभ चावली. "रात्री घरात कोण कोण होतं विचारलं, आम्ही सात जण सांगितलं. अगं, तू तर इथलीच! तुझं वेगळं काय सांगायचं?"

"जा, मोजणीवाल्यांना परत बोलाव."

"बाहेर पडायला बंदी आहे, मावशी. कायदा मोडायचा का?"

दुसऱ्या दिवशी बसा भरून प्रेम शहरात परत गेलं. पंचांच्या म्हणण्याप्रमाणे आता तीनशे बारा वस्तीच्या असलेल्या त्या गावात सातुर्निनानं एकटीनं चूल पेटवली, सात जणांची खरकटी भांडी घासली. मग दारावरची चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि वाडग्याच्या फाटकावर चिकटवली.

निदान तिथली मोजणी तिनं स्वतः केली होती. चाळीस.