सुटणारी गाठ

रत्नागिरीच्या आमच्या घरमालकांइतका जागचा न हलणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही, आणि नेमकं त्यांनाच मी ओळख झाल्यापासून पाचव्या मिनिटाला वाईला पाठवून दिलं. त्याचं असं झालं. अकोल्याहून माझी बदली झाली आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, बायको आणि दोन वर्षांची लेक, आंबा घाटातली वळणं पोटात साठवून त्यांच्या दारात उतरलो. माडी भाड्यानं घेतलेली होती. घरमालकांनी आम्हाला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, माडीच्या कुलपात किल्ली घालून दोनदा फिरवली, कुलूप हलेना, तेव्हा "वाईच जाऊन येतो" असं म्हणून ते अनवाणीच निघून गेले. माझं मराठी वर्तमानपत्रं वाचून पक्कं झालेलं. मी ऐकलं, "वाईस जाऊन येतो." बायकोला म्हटलं, "गृहस्थ वाईला गेले. गणपतीच्या दर्शनाला असतील." ती म्हणाली, "पायात वहाणा न घालता?" मी म्हटलं, "भाविक दिसतात." आणि वळकट्या, लेक आणि अर्धाच विश्वास ठेवणारी बायको घेऊन मी एस.टी. स्टँडजवळच्या एका लॉजवर मुक्काम ठोकला. सकाळी सहज डोकावलो तर गृहस्थ पायरीवर बसलेले, शेजारी खोबरेल तेलाची बुधली. कोपऱ्यावरच्या दुकानातून कुलपात घालायला तेल घेऊन ते पाच मिनिटांत परतले होते आणि दिवेलागणीपर्यंत आमची वाट बघत होते. 'वाईच' म्हणजे जरासं, थोडंसं, हे मला त्या दिवशी कळलं. वाईचं नाव त्यांनी ऐकलं होतं, पण एवढंच. "घाटावर ना ती? मग आमी कशाला जातो तिकडं मरायला!"

तसे ते आयुष्यभर फिरलेलेच होते, पण पाण्यावर. मुंबईहून कोकणात माणसं आणणाऱ्या बोटींवर त्यांनी तीस वर्षं सुकाणू धरलं होतं. बोटी बंद झाल्या, बायको गेली, मुलगा मुंबईला गोदीत लागला आणि ह्यांनी जमिनीवर पाय ठेवला तो कायमचाच. कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे ते सहसा जात नसत. मात्र घड्याळ त्यांनी कधीच मानलं नाही. भरती आणि सुकती, म्हणजे आपली ओहोटी, ह्यांवर त्यांचा दिवस चाले. बायकोनं एकदा त्यांना एक वाजता जेवायला बोलावलं. "भरती लागली की येतो," म्हणाले. त्या दिवशी भरती साडेतीनला लागत होती, हे तिला कोण सांगणार? आम्ही दोघं भुकेनं कळवळलेले, वरण तिसऱ्यांदा गरम होत होतं, आणि हे ठरल्या वेळी आल्याच्या समाधानात पाटावर बसले. भरती रोज पाऊण-एक तास पुढे सरकते. त्यामुळे आम्हाला सकाळी सातला मिळणारा शहाळ्याचा नैवेद्य आठवड्याभरात दुपारच्या चहापर्यंत पोचायचा आणि मग आमचाही दिवस हळूहळू त्यांच्यामागे सरकायला लागायचा. अकोल्याबद्दल त्यांना अपार करुणा होती. "तुमच्याकडं पाणी कुठल्या बाजूला?" त्यांनी विचारलं होतं. मी म्हटलं, समुद्र? कुठल्याच बाजूला नाही.  ते हळू आवाजात, कुणाच्या घरी दुःखाचं घडलं असावं तसं म्हणाले, "मग वारा येतो तरी कुठनं?"

पण त्यांचं खरं वेड म्हणजे गाठी. जी वस्तू बांधता येते ती मोकळी ठेवणं हे त्यांच्या लेखी पाप होतं. बादली विहिरीच्या कठड्याला, फाटक खांबाला, झाडू खिळ्याला, आमच्या वाळत घातलेल्या लुगड्यांचे पदर तारेला; सगळं बांधलेलं. आणि गाठ अशी, की ब्रह्मदेवाला उकलू नये. एकदा सकाळी कचेरीला निघालो तर माझी सायकल माडाला करकचून बांधलेली. "वारा सुटणार हाय, सायब," खालच्या पडवीतून आवाज आला. "मेली उडून गेली असती." मी नखांनी प्रयत्न केला, दातांनी केला, शेवटी घरात जाऊन विळी आणली. तेव्हा त्यांनी अशी आरोळी ठोकली की शेजारच्या चार घरांतली माणसं बाहेर आली. "दोर कापता? दोर कधी कापायचा, माणूस बुडत असला तर! हपिसाला उशीर झाला म्हणून नाय!" आणि जवळ येऊन त्यांनी एका बोटानं कुठंतरी टिचकी मारली, तशी ती गाठ आपण कधी नव्हतोच अशा थाटात सुटली. वारा काही त्या दिवशी सुटला नाही. सुटला तो माझ्या साहेबांच्या तोंडाचा पट्टा.

आणि अशा ह्या माणसाशी आमचा संसार येऊन अडला. बायकोला मुलींच्या एका शाळेत शिक्षिकेची जागा मिळाली. लग्नाआधी बी.एड. करून ठेवलेली, पाच वर्षं ट्रंकेत पडलेली पदवी. ती हातात नेमणुकीचं पत्र घेऊन देवासमोर दोन मिनिटं नुसती उभी राहिली. पण लेकीला सांभाळायचं कुणी? अकोल्याच्या घरी नऊ माणसं होती. तिथं पोर जमिनीवर टेकायची मारामार. इथं आम्ही दोघं, आणि दोघांनाही दहाच्या आत बाहेर पडायचं. आईचं पत्र आलं : पोरीले इकडे पाठवून द्या, शाळेत जायची होईपर्यंत आम्ही सांभाळतो, तिकडे तुमचं हाय तरी कोन? दिवाळी झाली की बाबा न्यायला येतील. बायकोनं पत्र वाचलं, चौघडी केली आणि तांदळाच्या डब्यात ठेवलं. "नोकरी सोडते," असं ती एकदा म्हणाली. "लेकीला पाठवते," असं एकदाही म्हणाली नाही. मी नवऱ्यांच्या जुन्या परंपरेला जागून म्हटलं, "बघू." ह्या एका शब्दावर आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्यांनी संसार केले आहेत.

जिन्याखालून घरमालकांनी ते ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी, भरतीला, ते वर आले. "दिवाळीपर्यंत माझ्याकडं ठेवा पोरीला, वैनी. तीस वर्षं माणसं नेली बोटीतनं, एक पाण्यात पडू दिला नाय. ही तर एवढीशी." पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे विहिरीवर फळ्या ठोकून घेतल्या. आम्हाला पाणी काढायला बादलीपुरती चौकट ठेवली, तीही कडी घालून. आणि रोज संध्याकाळी बायको शाळेतून आली की जिन्याच्या पायथ्याशी ताठ उभे राहून ते अहवाल देत. "सुकतीला पेज खाल्लान. दोनदा रडली. एकदा खरी, एकदा उगाच. कावळ्याला शिव्या दिल्यान, त्या मी शिकवल्या नाय." महिन्याभरात लेक त्यांना 'आजो' म्हणायला लागली आणि आम्हाला ऐकवायला लागली, "बाबान चाय सांडलान." मी सांडला होता खरा. पण आपलं पोर आपल्याच घरात परमुलखातल्यासारखं बोलतंय ह्याचं हसू यावं की रडू, हे आम्हा दोघांना ठरवता येईना. दिवाळी जवळ येत चालली तशी बायको लेकीचे फ्रॉक धुऊन, इस्त्री करून एका बाजूला ठेवायला लागली. 

बाबा पत्रात कळवलेल्या दिवसाच्या एक दिवस आधीच आले. आगगाडी, एस.टी. आणि घाट असा दोन दिवसांचा प्रवास करून, भर दुपारी, डोक्यावर ट्रंक घेऊन. आम्ही दोघंही बाहेर. पडवीत त्यांनी पाहिलं ते असं : एक अनोळखी म्हातारा चटईवर घोरतोय, जुन्या धोतराची पिळून केलेली दोरी त्याच्या कमरेला बांधलेली आहे, आणि तिचं दुसरं टोक त्यांच्या नातीच्या कमरेला. मी संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बायको हाताला लागलेला खडू न धुताच उभी होती आणि बाबांचा आवाज फाटकाच्या बाहेर ऐकू येत होता. "माही नात काय वासरू हाय का? खुंट्याले बांधता? उद्याच नेतो मी तिले. उद्याच!"

घरमालक शांतपणे बसून होते. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाले, "पावणे, वाईच बसा." मी घाईघाईनं बाबांना म्हटलं, वाईट नाही हो, जरासं बसा म्हणतायत. मग घरमालकांनी दोरी हातात घेतली. "तिच्याकडली गाठ बघा. ही सुटणारी. तिनं शेपूट ओढलान की सुटते. पक्की गाठ माझ्याकडली हाय." बाबा म्हणाले, "मंग बांधाचं तरी कायले?" घरमालक थोडे लाजले. "दुपारचा वाईच डोळा लागतो मला. दोर सैल पडला की मला जाग येते. तीस वर्षं बोटीवर असाच झोपलोय. आवाजानं नाय जागा होत मी, तुमी आलात ते कुठं कळलं? पण दोर हलला की झालो जागा." आणि मोठ्यांची भांडणं संपली असं समजून लेकीनं तेवढ्यात शेपूट ओढलं, सुटली, जास्वंदीपर्यंत धावत गेली, एक कळी तोडली, आणि दोरीचं टोक उचलून घरमालकांसमोर येऊन उभी राहिली. "आजो, बांध."

बाबा खाली बसले. अकोल्याहून निघताना 'आबाजी' म्हणून हाक ऐकायची ठरवून आलेला माणूस तो. नातीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि घरमालकांच्या मागे लपली.

मला वाटलं होतं, घरमालक आता गळ घालतील, पोरीला राहू द्या म्हणतील. ते उलटंच बोलले. "न्या तुमी तिला. तुमी रक्ताची माणसं. पण गाडीत तुमाला झोप लागणार. ही गाठ शिकून घ्या, मगच न्या." पुढचे चार दिवस आमच्या पडवीत ती शाळा चालली. दोन म्हातारे समोरासमोर बसलेले, मध्ये दोरी, मध्ये नात. बाबा चष्मा लावून, जीभ दातांत धरून वेटोळं घालत आणि ते ढिलं होऊन मांडीवर पडे. "तसा नाय, खालनं. खालनं, पावणे!" "खालूनच तर घेतलं ना बाप्पा!" लेक दोघांच्या चुका मोजत बसे. तिसऱ्या दिवशी ती बाबांच्या मांडीवर बसून मोजायला लागली. त्या चार दिवसांत घरमालकांनी भरतीचं नाव काढलं नाही. शेवटच्या संध्याकाळी मात्र ते कोपऱ्यावरच्या दुकानाच्या पलीकडे गेले. पार किनाऱ्यापर्यंत जाऊन आले आणि बुचाची एक बाटली बायकोच्या हातात दिली. "समुद्राचं पाणी हाय. पोरीच्या पिशवीत ठेवा. तिकडं कुठल्या बाजूला नाय ना. इसरून जाईल."

बायकोनं ती बाटली इस्त्री केलेल्या फ्रॉकांमध्ये नीट गुंडाळली आणि आत जाऊन मोरीत बसून बराच वेळ भांडी घासली. भांडी दुपारीच घासून झालेली होती.

सकाळी निघायची वेळ झाली. रिक्षा फाटकाशी उभी. बाबांनी लेकीला समोर उभं केलं, दोरी घेतली, कमरेला वेढा दिला, वेटोळं घातलं, गाठ आवळली. दोरी सगळीच्या सगळी हातात आली. पुन्हा बांधली. पुन्हा आली. तिसऱ्यांदा त्यांनी चष्मा काढला, दोरी घडी करून खिशात घातली आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, "नाई जमत बुवा मले. रस्त्यात डोळा लागला म्हंजे? राहू द्या तिले इथंच. गाठ शिकलो का येतो न्याले." पिशवीतले फ्रॉक त्यांनी स्वतःच्या हातानं काढून बायकोकडे दिले. बाटली तेवढी स्वतःच्या ट्रंकेत ठेवली. "हे नेतो. घरच्यायले दाखवतो." घरमालक म्हणाले, "पुढल्या दिवाळीला या शिकायला. सोपी हाय." बाबा पुढच्या दिवाळीला आले. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी चार-चार दिवस बसून दोघांनी ती गाठ घोटली आणि प्रत्येक वेळी बाबा हात हलवत एकटे परत गेले.

मग माझी पुन्हा बदली झाली. निघालो त्या दिवशी घरमालक फाटकापर्यंत आले, पुढं आले नाहीत. सामानाच्या ट्रंका त्यांनी बांधून दिल्या होत्या. त्यांतली एक आम्ही अजून उघडलेली नाही, कारण ती आम्हाला उघडता येत नाही आणि दोर कापायचा धीर होत नाही. आता ते नाहीत. बाबाही नाहीत. लेक साडेआठ वर्षांची आहे, तिला ह्यातलं फारसं आठवत नाही. घरी पाहुणे आले, की बाबांना तीन दिवाळ्या एक साधी गाठ कशी जमली नाही, हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगतो. परवाही सांगितला. पाहुणे पोट धरून हसले आणि गेले. बायको कपबशा आवरत होती. तिनं माझ्याकडे, मला वाटतं, 'गृहस्थ वाईला गेले' म्हटल्यावर पाहिलं होतं तसं पाहिलं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या बाबांचा सारा जन्म जिनिंग-प्रेसमध्ये गेला. कापसाच्या गाठी बांधून बांधून बोटं वाकडी झाली होती त्यांची. त्यांना धोतराच्या चिंधीची गाठ जमली नाही, हे इतकी वर्षं तुम्हाला खरंच वाटत होतं?"