गाडीखाली टांगलेलं मडकं

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी गावच्या शाळेपलीकडे गेलं नाही, आणि मी कॉलेजात बसतो म्हणून मला लिहिता येतं असंही नाही. ज्यांच्याविषयी लिहायचं आहे त्यांतल्या बहुतेकांना हे वाचता येणार नाही. तरी लिहितो. कारण समोर जाऊन आभार मानले तर ती माणसं हसतील, आणि "तेवढ्याशा पाण्याचा काय सांगतोस" म्हणून कामाला लागतील. कागदावर मानलेले आभार तरी कोणी परत करणार नाही.

आमचं गाव मुरबाडच्या पुढे, सरळगावपासून आत. घरात आई, दादा आणि वहिनी. वडील मला आठवत नाहीत. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा मी मराठी चौथीत होतो. पुढे शिकायला कल्याणला जायची वेळ आली, तेव्हा दादा म्हणाला की आता नांगराला हात लाव. वहिनी तोवर घरात मोठ्याने बोलत नसे. त्या दिवशी चुलीपुढूनच म्हणाली, "शेताला दोन हात कमी पडतील ना? ते माजे घ्या. भावजींना जाऊ द्या." मी गेलो. कल्याणहून पुढे मुंबईला कॉलेजात गेलो. एवढं सांगितलं म्हणजे पुढचं कळायला सोपं जाईल.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात असताना वहिनी वाळायला लागली. जेवत होती, तरी वाळत होती. तांब्यावर तांब्या पाणी प्यायची आणि तहान काही भागायची नाही. न्हाणीच्या दगडावर मुंग्या जमतात हे आईच्या पहिल्यांदा लक्षात आलं. भगत झाला, अंगारे झाले. शेवटी दादाने तिला मुंबईला आणलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हा मधुमेह आहे, ह्या वयात आला की रोज सुई टोचावी लागते, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "औषध उन्हात तापलं की मेलं, आणि गोठलं तरी मेलं. बाटली तशीच दिसते, पण आत काही उरत नाही. हे घरी नीट समजावून सांग."

लढाईचे दिवस होते. औषध परदेशातून यायचं आणि मुंबईतही दहा दुकानं फिरल्यावर मिळायचं. ते घरी नेण्याचं काम साहजिकच माझ्याकडे आलं. वसतिगृहातल्या एका मित्राने त्याचा थर्मास मला देऊन टाकला. मासळी बाजारात बर्फाच्या लाद्या भुशात पुरून ठेवलेल्या असत, तिथला माणूस एक तुकडा फोडून द्यायचा. बाटल्या फडक्यात गुंडाळून, त्या बर्फाला टेकणार नाहीत अशा बेताने मी थर्मासात ठेवायचो. कल्याणपर्यंत आगगाडी, तिथून मुरबाडपर्यंत मोटार. तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत आणि मागे भट्टी धगधगत असे. भट्टीपासून लांब म्हणून मी थेट ड्रायव्हरच्या पाठीशी बसायचो. तो एकदा म्हणाला, "काय रे, मांडीवर काय सोन्याचं अंडं उबवतोस?" मी म्हटलं, "उबवत नाही, थंड ठेवतोय." तेव्हापासून ती जागा माझी झाली. दुसरं कोणी बसलं तर तो त्याला उठवायचा.

पहिल्याच खेपेला घात झाला तो मात्र घरी. मी बाटल्या आईच्या हातात दिल्या, थंड ठेवायला सांगितलं आणि परत आलो. आमच्याकडे पावसाळ्यात सगळ्याला बुरशी येते. म्हणून जपायची वस्तू, मग ती काकडीचं बी असो, मीठ असो की काड्यापेटी, चुलीवरच्या शिंकाळ्यात ठेवतात, धुराला. आईने दोन दिवस बाटली खालीच ठेवली. मग तिला वाटलं, एवढी लांबून आणलेली वस्तू, ओलीत नासेल. तिने ती शिंकाळ्यात चढवली.

वहिनीची लघवी तपासायला डॉक्टरांनी निळं पाणी दिलं होतं. नळीत थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर वाईट. दादा अक्षर शिकला नाही, पण हे रंग वाचायला शिकला. तो रोज सुई टोचत होता आणि नळी रोज विटकरी होत होती. वहिनीला उलट्या सुरू झाल्या, शुद्ध जायला लागली, तेव्हा तिला गाडीत घालून त्याने कल्याण गाठलं. तिथल्या दवाखान्यातल्या नव्या बाटलीने ती उठून बसली.

शिंकाळ्यातल्या धगीने बाटली मेली होती हे कळल्यावर आईच्या तोंडावरचं हसूच गेलं. एकदा एवढंच म्हणाली, "मी बियाण्यासारकी जपली रे ती बाटली."

वहिनी म्हणाली, "आय, मंग बरोबरच हाय. माजंच नशीब, बियाना नाय झाला त्याचा. नायतर परसात सुयांचा येल चढला असता." आई पहिल्यांदा हसली, आणि मग रडली.

त्यानंतर माजघरातल्या अंधाऱ्या कोपऱ्यात, पाण्याच्या रांजणाशेजारी, एक कोरं मडकं बसवलं. त्यात ओली रेती, रेतीत लहान गाडगं, गाडग्यात बाटल्या. वरून ओलं फडकं. आई सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी शिंपडायची. ते काम तिने दुसऱ्या कोणाला करू दिलं नाही. पुढे कधी बाटली नासली नाही.

दोन वर्षांनी वहिनीला दिवस गेले. आनंद झाला आणि भीतीही वाटली. डॉक्टर म्हणाले, "आता एक दिवस जरी औषध चुकलं, तर दोन जीव जातील. आगगाडीजवळ कुठे ठेवता येत असेल तर ठेवा." वहिनीचं माहेर शेणव्याला. तिथून जवळ शहापुरात डॉक्टर होते आणि पुढे आसनगावचं स्टेशन. बाळंतपण माहेरी करायची रीतही होती. म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीत, मी घरी असताना, तिला शेणव्याला पोचवायचं ठरलं. बाळंतपणापर्यंत पुरतील एवढ्या बाटल्या मी साठवून आणल्या होत्या. त्या तापल्या असत्या तर नव्या मिळवीपर्यंत काय झालं असतं, हे मी मनात येऊ देत नव्हतो. वैशाखातलं ऊन, बैलगाडी, आणि थर्मासची काच आधीच फुटलेली.

दादाने माजघरातलं मडकंच उचललं. त्याला दादाचं जुनं धोतर ओलं करून गुंडाळलं, तोंड बांधलं आणि गाडीखाली सावलीला, वारं लागेल असं दोरीने टांगलं. मी पाण्याची घागर घेऊन मागून चालायचो आणि धोतर सुकलं की त्यावर पाणी घालायचो. गाडी हाकायला गावातले एक म्हातारे मामा होते. ते म्हणाले, "मानसा उन्हात न औशिद सावलीला. कलियुग कलियुग म्हन्तात ता ह्याच."

काळू नदी ओलांडून किन्हवलीच्या बाजूला लागलो तोवर ऊन चढलं आणि घागर संपली. पुढे एका ओढ्याच्या कोरड्या पात्रात ठाकरवाडीतल्या बायका पाण्याला बसल्या होत्या. उन्हाळ्यात तिथे रेतीत खड्डा खणून झिरा काढतात. त्यात पाणी हळूहळू पाझरतं आणि करवंटीने भरून घ्यावं लागतं. एक हंडा भरायला सकाळ जाते. मी घागर घेऊन पुढे झालो आणि म्हटलं, "थोडं पाणी मिळेल का, त्या मडक्यासाठी पाहिजे."

सगळ्या बायका मडक्याकडे बघायला लागल्या. एकीने पोराला मागे ओढलं. त्यांच्यातली म्हातारी उठली, डोक्यावर पदर घेतला आणि हलकेच म्हणाली, "कोन गेला रे बाबा?"

मला कळेना.

"म्हातारा व्हता का म्हातारी? न भरल्या पोटाची बाई कशाला आनलीस रे संगती?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मडकं, पांढरं धोतर, जमिनीला टेकू नये म्हणून टांगलेलं. आम्ही अस्थी घेऊन नदीला निघालो आहोत असं त्यांना वाटलं होतं. मामा तोंड फिरवून हसू दाबत होते. दादा खाली बघत होता. मला इंग्रजीत मधुमेहाचे प्रकार सांगता आले असते, पण त्या म्हातारीला काय सांगावं ते सुचत नव्हतं.

वहिनीने गाडीतून डोकं बाहेर काढलं. "कोन नाय गेला, आजी. माजा जीव हाय त्या मडक्यात. ता थंड ऱ्हायला तर मी हाय."

म्हातारी जवळ आली. "म्हंजे गोष्टीतल्या राक्षशिनीचा आसतो तसा? पोपटात?"

"तसाच. पन मी राक्षशीन नाय गो. इचार पायजे तर माज्या सासूला."

"सासूला नको इचारू," म्हातारी म्हणाली. "ती व्हय म्हनंल."

बायका हसल्या, दादाही हसला. मग म्हातारीने आपल्या झिऱ्यातलं, नुकतं वर आलेलं नितळ पाणी करवंटीने मडक्यावर घातलं. तिच्यामागून दुसरी उठली, मग तिसरी. सकाळपासून थेंब थेंब जमवलेलं पाणी होतं ते. मी नको म्हणायला हवं होतं की काय कोण जाणे, पण माझी घागरही त्यांनी भरली. म्हातारी म्हणाली, "ह्यो पांढरा फडका काड आधी. फुडं गावोगाव लोका रडत बसतील." आणि आपल्या लाल लुगड्याचा पदर टर्रकन फाडून तिने मडक्याला गुंडाळला.

मामा एरवी वाडीतल्या लोकांच्या हातचं पाणी पीत नसत. म्हातारीने उरलेली करवंटी त्यांच्यापुढे धरली. त्यांनी एकवार तिच्याकडे बघितलं आणि ओंजळ पुढे केली.

तिचं म्हणणं खरं ठरलं. लाल फडकं बघून पुढच्या गावांत लोकांना वाटलं, देवीचा घट चालला आहे. न मागता पाणी मिळालं. एका बाईने तर मडक्याला हळद-कुंकू लावलं. तिला थांबवायचं धाडस आमच्यापैकी कोणाला झालं नाही. वहिनी गाडीत पदर तोंडाला लावून हसत होती.

शेणव्याला पोचल्यावर दादाने मडक्यात हात घातला आणि म्हणाला, "गार हाय." त्यातलीच बाटली काढून वहिनीने संध्याकाळची सुई स्वतःच टोचून घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळी दादाने नळी उकळली. सगळे भोवती उभे होतो. पाणी निळं राहिलं. वहिनीच्या आईने नळीलाच नमस्कार केला.

मी मुंबईला परत आलो. दादा भाताच्या पेरणीसाठी गावी गेला. मग पावसाने रस्ते बंद झाले. शेणव्याच्या त्या घरात लिहिणारं कोणी नव्हतं. आषाढ गेला. मी तासाला बसायचो आणि फळ्यावर काय लिहिलं आहे ते मला दिसायचं नाही. डॉक्टरांना भेटलो, तर ते म्हणाले, अशी बाळंतपणं अवघडच असतात, आपण वाट बघू.

श्रावणात एके दुपारी वसतिगृहाच्या दारात एक माणूस उभा राहिला. वहिनीचा चुलत भाऊ, कसाऱ्याला रेल्वेत कामाला होता. पायांतले जोडे काढून त्याने भिजलेलं डोकं पुसलं. मी पाणी दिलं, ते तो सावकाश प्यायला. मला विचारायचं धैर्य होईना आणि त्याला माझी कीव आली असावी.

"कळा लवकर आल्या," तो म्हणाला. "शहापुरचा डागतर वढ्यातून पवत आला. दोन दिस लय वायट गेले. आता बसून भात खाते."

"आणि?"

"पोरगी झाली. दोगी बऱ्या हायेत. दादाला तुमच्या आजून ठावं नाय, नदी उतरली नाय. पयला तुमालाच सांगतो."