चोर आतल्या खोलीत

राहात्यात माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे आणि शिर्डीतल्या काही लॉजचं बुकिंग ज्या सर्व्हरवर चालतं, तो सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. त्या आठवड्यात मला खुर्चीत बसवत नव्हतं. सर्व्हरवरच्या नोंदी उघडल्या की दिसायचं, कोण कुठला परका सारखा पासवर्ड टाकून बघतोय. एक चुकला की दुसरा, दुसरा चुकला की तिसरा. लॉजच्या बोळात शिरून कुणी प्रत्येक खोलीची कडी हलवत पळत सुटावं, तसं. मी बघत राहायचो आणि चहा गार व्हायचा. बायको म्हणायची, "तुम्ही डोळे वटारलेत म्हणून थांबणारेय का तो?"

शेवटी गुरुवारी सकाळी पहारेकरी बसवला. म्हणजे छोटंसं सॉफ्टवेअर. पासवर्ड चार-पाचदा चुकला, की ज्या कनेक्शनवरून माणूस आला त्या कनेक्शनला ते तासभर दारच उघडत नाही. सगळ्या लॉजना जुने पासवर्डही बदलायला लावले. पहिल्याच तासात चोर पटापट बाहेर फेकले जायला लागले आणि मी रिकाम्या दुकानात उभा राहून टाळ्या वाजवल्या.

दुपारी वहिनींचा फोन. वहिनी म्हणजे मित्राची बायको. त्यांच्या लॉजचं काउंटर त्याच सांभाळतात.

"भाऊजी, पान उघडतच नाहीये. बस यायला आलीय, कुणाला कुठली खोली दिलीय ते सगळं आत अडकलंय." मग आवाज खाली आला. "आणि आबा किल्ल्या मांडीवर घेऊन बसलेत."

खरं संकट ते होतं. आबा म्हणजे त्यांचे सासरे. फुलांच्या टपरीपासून सुरुवात करून लॉज बांधलेला माणूस. काउंटर सुनेकडे देताना त्यांनी सगळ्यांसमोर बजावलं होतं, "ह्या डब्यानं एकदा जरी पाहुन्यांसमोर तोंडघशी पाडलं, तर खुर्चीत मी बसनार."

मी बघितलं, तर माझ्या पहारेकऱ्यानं त्यांच्या लॉजचंच वायफाय बाहेर काढलेलं! बंदी उठवली. थोड्या वेळानं पुन्हा फोन, पुन्हा बंद. पुन्हा उठवली, पुन्हा तेच. लॉजला कायमची सूट देता आली असती. पण चोर खरंच लॉजमध्ये बसला असेल तर? शिवाय हा चोर विचित्र होता. बाकीचे क्षणात ढीगभर पासवर्ड फेकतात. हा एक टाकायचा, थांबायचा, मग दुसरा. जणू मधे पान लावत होता.

मोबाईलच्या नेटवर बघा म्हणावं, तर गुरुवारच्या गर्दीत तिथं नेट मिळतंय कुणाला! मी स्कूटर काढली. समोर पदयात्रेची पालखी, मागे टेम्पोचा हॉर्न, आणि माझ्या डोळ्यांसमोर काळ्या टोपीतला चोर.

लॉजवर पोचताच मी नाटकातल्या फौजदारासारखा काउंटरपाशी फिरलो. वेटरला दरडावलं, एका पाहुण्याच्या लॅपटॉपकडे रोखून पाहिलं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, गिऱ्हाईक पळवू नका." तेवढ्यात आतल्या खोलीतून पुटपुटणं ऐकू आलं. मी पडदा सारला.

आबा. चष्मा कपाळावर, मोबाईल नाकाशी, एका बोटानं अक्षर शोधत होते.

"काय करताय, आबा?"

"काय न्हाई. रोज बघतो मी, किती खोल्या लागल्या ते. आज जुना पासवर्ड चालंना. नातवाचं नाव टाकलं, न्हाई. गायीचं टाकलं, न्हाई. मधीच बंद पडतंय, मग आपोआप चालू हुतंय."

ते आपोआप म्हणजे मी होतो! राहात्यात बसून दर वेळी दार उघडणारा मी!

"अहो, मग वहिनींना विचारायचं."

"सुनेला? मी?" मग ते भिंतीकडे बघत म्हणाले, "माझं नावबी टाकून बघितलं. न्हाई लागलं."

मागे वळलो, तर पडद्यापाशी वहिनी. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आता गंमत बघा, बाईंच्या हातात हुकमाचा एक्का होता. बाहेर लॉबीत सगळे होते. एक वाक्य मोठ्यानं बोलल्या असत्या, तर आबांनी पुन्हा खुर्चीचं नाव काढलं नसतं. माझ्या जिभेवर तर ते वाक्य नाचतच होतं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आबांना वेगळं खातं काढून द्या. नुसतं बघायचं."

"मला कशाला?" म्हणत आबांनी मोबाईल पुढे केला.

मी गच्चीवर पळालो, टाकीवर चढून हात उंच केला तेव्हा कुठं नेटची एक काडी आली. बंदी उठवली, खातं काढलं. खाली आल्यावर आबांनी आम्हां दोघांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पासवर्ड टाकला. चांगला लांबलचक होता, कारण माझी मान अवघडली.

बस आली. बॅगा, पोरं, चपला, गलका. वहिनी कॉम्प्युटरवर बघून नावं पुकारत होत्या. आबा आतून बाहेर आले, किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला आणि परत आत गेले. जरा वेळानं पडद्याआडून आवाज आला, "सूनबाई, बारा नंबर म्हाताऱ्या मानसांना देऊ नको. गीझर लई उशिरा तापतो."

वहिनींनी बाराची किल्ली बाजूला सारून सातची उचलली.

"बरं, आबा."