पऱ्हाटीचा चिमटा आणि एक सही

तातेराव खरातांचं वाटूर फाट्यावर वेल्डिंगचं दुकान होतं. कापसाची वेचणी संपली की त्यांची बायको सत्यशीला पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटायला मजुरीनं जायची. घरी यायची तेव्हा तळहाताची सालटी निघालेली असायची. ते बघवेना म्हणून तातेरावांनी सायकलचं जुनं चाक, पाइप आणि लोखंडी जबडा जोडून एक चिमटा बनवला. आठ-दहा वेळा मोडला, पुन्हा जोडला. शेवटी असा जमला की झाड उपटायला वाकायची गरजच राहिली नाही. लेकीच्या नावावरून त्याला ‘भावना’ नाव दिलं. शहागडपासून जांब समर्थपर्यंतची माणसं चिमटा न्यायला दुकानावर यायला लागली.

मग जालन्याचे अवजारांचे व्यापारी संपतशेठ आले. सगळ्या मराठवाड्यात माल विकून देतो म्हणाले. सोबत आठ पानांचा इंग्रजी करारनामा होता.

भावना तेव्हा कॉलेजात होती. ती म्हणाली, “पप्पा, आधी एखाद्या वकिलाला दाखवू.”

“वकील कशाला? भांडण थोडंच हाय? शेठला वाटंल, आपण शक घेऊन राह्यलो.”

शेठ दुकानातच चहा पीत बसले होते. तातेरावांनी आठही पानांवर सही केली.

दोन हंगाम बरे गेले. तिसऱ्या हंगामात शेठनं माल उचलणं बंद केलं. त्याच सुमारास एक शेतकरी तुटलेला चिमटा दुरुस्तीला घेऊन आला. त्यावर ‘भावना’ लिहिलेलं होतं, पण पाइप पातळ होता आणि जोड तातेरावांच्या हातचा नव्हता. ते तसेच जालन्याला गेले. शेठच्या दुकानात तसले चिमटे छतापर्यंत रचलेले होते.

“शेठ, हे माझं हाय.”

“होतं, तातेराव. नाव आणि डिझाइन तुम्ही मला लिहून दिलंय. कागद वाचा.”

तातेराव परत आले आणि रागानं आपले चिमटे स्वतःच विकू लागले. महिन्याभरात शेठच्या वकिलाची नोटीस आली, मागून कोर्टाचं समन्स आलं. सत्यशीला म्हणाली, “कोणाला तरी दाखवा.”

“आपण चोरी केली न्हाई. आपल्याला कोण काय करतंय?” त्यांनी कागद फळीवर ठेवून दिले. तारखेला गेलेच नाहीत.

मग कोर्टाचा माणूस हुकूम घेऊन दुकानात आला. तयार चिमटे एका खोलीत टाकून त्यानं सील लावलं. त्या नावानं किंवा त्या डिझाइनचं काही बनवायचं नाही, विकायचं नाही, असं हुकमात लिहिलं होतं. फाट्यावरची माणसं उभी राहून बघत होती. कोणीतरी मोबाइलवर फोटो काढला.

दुसऱ्या दिवशी भावना त्यांना जालन्याला शीतल वकीलबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी आठही पानं वाचली आणि चष्मा काढला.

“सही करायच्या आधी का नाही आलात?”

“तवा भांडण नव्हतं, मॅडम.”

“म्हणून तर तेव्हा अर्ध्या तासात काम झालं असतं. सहाव्या पानावरच्या या चार ओळी मी खोडायला लावल्या असत्या. निदान नोटीस आली त्या दिवशी आला असतात, तर तुमचं ऐकल्याशिवाय हा हुकूम झाला नसता.”

“मंग आता?”

“आता लढू. चिमटा आधीपासून तुमचा होता, याला साक्षीदार मिळतील. पण सही तुमचीच आहे. किती वर्षं लागतील, मी सांगू शकत नाही.”



त्याला आता चार वर्षं झाली. दुकान त्यांनी दुसऱ्याला देऊन टाकलं. परतूरला एका कारखान्यात ते खिडक्यांच्या जाळ्या जोडतात. मालक चांगला आहे. एकदा तो म्हणाला, “तातेराव, तुमचं डोकं चालतं, आपल्यासाठी काहीतरी नवीन बनवा की.” तातेरावांनी नकारार्थी मान हलवली आणि पुढची जाळी उचलली. कोर्टाच्या तारखेला आता भावना एकटीच जाते. आल्यावर काय झालं ते सांगायला लागली, की ते उठून बाहेर जातात.